मोकळी बारी

हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे नेली की टोरोंटोजवळच्या आमच्या व्हिटबीत दुपार अशी उरतच नाही. जेवून, ओटा पुसून जरा बसावं म्हणते, तोवर खिडकीत अंधार येऊन थांबलेला असतो. पानं गोळा करून कागदी पिशव्यांत भरून झालेली असतात, बर्फ अजून पडलेला नसतो, आणि लेकवरून येणारा वारा कोटाच्या आत कुठून शिरतो ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. ऑफिसात जो तो दुसऱ्याला एकच विचारतो, विंटर टायर्स बसवले का. वर्षातून एकदा एक तास जास्तीचा मिळतो म्हणून लोक खूश असतात. मला तो नको असतो. नोव्हेंबरचा तास घेऊन करायचं काय?

माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, मात्र तो तास आवडायचा. "एक गाणं जास्त बसते ना त्यात," असं तो नागपुरी हेल काढून म्हणायचा आणि गुणगुणत स्वयंपाकघरातलं घड्याळ काढायला स्टुलावर चढायचा. आता मिलिंद नाही. यंदा मी ते घड्याळ उतरवलंच नाही. ते आपलं एक तास पुढे चालतंय, आणि मी त्याच्याकडे बघून मनातल्या मनात एक वजा करते.

आज शनिवार. मघाशी मी भाकरीचं पीठ मळत होते, तेवढ्यात ओट्यामागची भिंत घुमायला लागली. कपबशांच्या जाळीत स्टीलच्या दोन वाट्या एकमेकींना टेकून ठेवल्या होत्या, त्या किणकिणायला लागल्या. मी पिठाच्या हातानंच त्यांना अलग केलं. आमचं घर सेमी आहे, म्हणजे एका छपराखाली दोन घरं आणि मध्ये एक सामायिक भिंत. भिंतीपलीकडे क्लाइव्ह राहतो. शनिवारी दुपारी त्याच्या बेसमेंटमध्ये गाणं असतं. इकडे गाणं पोचत नाही. शब्द नाहीत, सूर नाहीत, माणसाचा गळा म्हणून काहीच नाही. येतो तो फक्त खालचा बास आणि ड्रमचा ठोका, तोही कानाआधी तळपायांना कळतो.

नवीन आलो तेव्हा मी या ठोक्यावर वैतागले होते. मी पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर बाटल्यांतल्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं काही आहे की नाही ते सांगायचं, हा माझा पेशा. शनिवारी मला शांतता हवी असायची. शिवाय सुरांचं आणि माझं कधी जमलं नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. एकदा मी मिलिंदला म्हटलं, "जाऊन सांगून ये त्यांना, आवाज कमी करा म्हणावं." तो चपला घालून गेला आणि दिवेलागणीला परतला तो तोंडभर हसत. आवाज कमी करायला सांगायचं त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"अगं, ठेका एक अन् गाणारे चार!" तो सांगत सुटला. क्लाइव्ह जमैकाचा, ओशवाच्या मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेला. तरुणपणी त्यानं, त्याच्या भावानं आणि दोघा-तिघा मित्रमैत्रिणींनी मिळून टोरोंटोत एका दुकानाच्या मागच्या खोलीत एक ठेका ध्वनिमुद्रित केला. बास, ड्रम, ऑर्गन, गिटारची कापलेली कापलेली साथ. त्या एकाच ठेक्यावर प्रत्येकानं आपापलं गाणं म्हटलं. एकाचं देवाचं, एकाचं घरभाड्याचं, एकीचं नवऱ्याला घालवून दिल्याचं. तबकडीच्या एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला नुसता ठेका, गळा काढून टाकलेला. ज्याला हवं त्यानं त्यावर गावं. त्या मोकळ्या बाजूला ते व्हर्जन म्हणतात आणि ठेक्याला रिडिम. म्हातारे झाले तरी दर शनिवारी ते व्हर्जन लावून बसतात आणि एकामागून एक माइक हातात घेतात.

"आपल्या गायन पार्टीत एकामागून एक बाऱ्या असतात ना, तसंच सगळं," मिलिंद म्हणाला. "फक्त समच नाही यांच्यात. पहिली मात्रा खाऊनच टाकतात. जागा मोकळी सोडतात अन् ठोका मारतात तिसरीवर." त्यानं ते मला टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. मला काही कळलं नाही, पण त्या दिवसापासून भिंत घुमली की मी ती न वाजलेली जागा शोधायला लागले. एवढं एकच संगीत मला येतं.

मिलिंदचे वडील नागपुरात गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीच्या महिन्यात या वस्तीतून त्या वस्तीत, सायकलच्या कॅरिअरवर पेटी बांधून. कवी शब्द लिहायचा आणि चाल उचलायची कुठूनही, सिनेमातून, भजनातून, दुसऱ्या पार्टीच्या गाजलेल्या गाण्यातून. उचलली की माइकवर मोठ्यानं सांगायचं, अमक्याच्या चालीवर. त्यात चोरी नव्हती. ज्याची चाल घेतली त्याचा तो मान. मिलिंद त्याच शाळेतला. टोरोंटोच्या बँकेत कॉम्प्युटरसमोर आयुष्य गेलं, पण एप्रिलमध्ये आमच्या असोसिएशनच्या जयंतीला कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये तो उभा राहिला की मागच्या रांगेतली फोनमध्ये डोकं घातलेली मुलंसुद्धा वर बघायची. शब्द त्याचे, चाल कुणाची तरी. गाण्याआधी तो त्या माणसाचं नाव घ्यायचा आणि कानाच्या पाळीला हात लावायचा.

क्लाइव्हकडे तो बरीच वर्षं नुसता ऐकायला जात असे. जाताना माझ्याकडून भजी तळून घ्यायचा. तिथे चार बाऱ्या असायच्या. पहिली क्लाइव्हची. मग मिस आयव्हीची, पांढऱ्या केसांची बाई, नर्सिंग होममध्ये नोकरी करून थकलेली. मग वॉरेनची, आणि शेवटी ज्याला वाटेल त्याची. वॉरेन म्हणजे क्लाइव्हचा धाकटा भाऊ. तो आम्ही इथे येण्याआधीच वारला होता. त्याची बारी आली की क्लाइव्ह व्हर्जन लावायचा, माइक स्टँडवर तसाच ठेवायचा आणि सगळे गप्प बसायचे. ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत मोकळा वाजायचा. मिस आयव्ही शेंगा सोलत असली तरी तेवढा वेळ हात थांबवायची. मेलेल्याची बारी मोडायची नाही आणि भरायचीही नाही, अशी त्यांची रीत. हे मला मिलिंदनं सांगितलं. क्लाइव्हनं वॉरेनची तबकडी त्याला कितीदा तरी ऐकवली होती. ती चाल मिलिंदच्या तोंडात बसली. दाढी करताना तीच, गाडी चालवताना तीच.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टपासूनच त्याचा आवाज बसला होता. आम्ही म्हटलं, ॲलर्जी. मग म्हटलं, सर्दी. मी आल्याचा काढा केला, हळद-दूध केलं, रागावले, "ओरडून गाऊ नकोस म्हटलं की ऐकायचं नाही." ऑक्टोबरच्या सुरुवातीला स्पेशालिस्टनं नाकातून नळी घालून घसा पाहिला. मग चाचण्या झाल्या, आणि मग त्यानं आम्हाला बसायला सांगितलं. बसा म्हटल्यावर मला बाकीचं कळलंच. माझ्या कामात मीही असंच करते, वाईट निकाल असला की आधी समोरच्याला बसवते. स्वरयंत्र काढावं लागणार होतं, सगळं. श्वासासाठी मानेला खाली कायमचं एक भोक. ऑपरेशन डिसेंबरच्या सुरुवातीला.

म्हणजे नोव्हेंबर हातात होता. घड्याळं मागे गेली ती रात्र उलटून सकाळी मिलिंद स्टुलावर चढला, घड्याळ हातात घेऊन तिथेच उभा राहिला आणि म्हणाला, "या वर्षी खरंच कामाचा आहे हा तास." मी सिंककडे तोंड करून खूप वेळ एकच भांडं घासत राहिले. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता. कुणाचा ते सांगता येणार नाही. जगात न बोलणारी, घुमी माणसं किती असतात, मग याचाच गळा का? देवळात गेले नाही कधी, नाहीतर तिथे जाऊन भांडले असते.

हॉस्पिटलनं एक प्रोग्राम दिला होता. त्यात पेशंटनं आपल्या आवाजात वाक्यं वाचायची, म्हणजे पुढे यंत्र त्याच्यासारख्या आवाजात बोलतं. आमची मुलगी सुजाता दूर, सरे शहरात असते, तिनं फोनवरून सगळं बसवून दिलं. "बाबा, जस्ट रीड स्लोली, ओके? डोंट परफॉर्म." मिलिंद डायनिंग टेबलाशी बसून वाचायचा. आय वुड लाइक अ ग्लास ऑफ वॉटर. प्लीज ओपन द विंडो. प्रोग्राममध्ये मराठी नव्हतं. पान संपलं की तो माझ्याकडे बघायचा. "मी कधी म्हटलं तुला आय वुड लाइक?" म्हणायचा. "मी तर म्हणतो, पाणी दे ना वं." मी हसायचे. मग वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायचे. सुजाताला दुसऱ्या दिवशी सांगायचे, चाललंय छान.

पण त्याला वाक्यं ठेवून जायची नव्हती. त्याला गाणं ठेवायचं होतं, आणि तेही क्लाइव्हच्या ठेक्यावर. इतकी वर्षं तो तिथे नुसता श्रोता होता. शेवटची बारी, ज्याला वाटेल त्याची असते ती, आता मी घेतो म्हणाला. त्यानं शब्द लिहिले, वडिलांवर. बापाच्या पेटीचा भाता अजून हलतोय, असं काहीसं धृपद होतं. क्लाइव्हला सांगितलं तेव्हा त्यानं मिलिंदला उचलायचंच बाकी ठेवलं. रेकॉर्डिंगचं जुनं मशीन पुसून तयार केलं. "माय फ्रेंड मिलिन गॉन् सिंग!" असं तो रस्त्यात भेटेल त्याला सांगत होता.

त्या शनिवारी मी खाली गेले नाही. मला ते सोसलं नसतं. मी ओट्याशी उभी राहून भिंतीला कान लावून होते, जसा काही त्याचा गळा सिमेंटमधून येणार होता. ठेका सुरू झाला, संपला. पुन्हा सुरू झाला, संपला. वॉरेनची मोकळी बारी गेली. मग मिलिंदची. भिंत घुमायला लागली, वाट्या वाजायला लागल्या, आणि मध्येच सगळं बंद पडलं. मला वाटलं, तो पडला. मी तशीच अनवाणी दारापर्यंत धावले.

तो पडला नव्हता. तो समोरून येत होता, कोट न घालता, हातात गाण्याचा कागद.

झालं होतं असं. माइक हातात घेऊन मिलिंदनं कानाच्या पाळीला हात लावला आणि जाहीर केलं, "धिस वन, ऑन वॉरेन्स ट्यून." बापाच्या आठवणीचं गाणं, वॉरेनच्या चालीवर. त्याच्या दृष्टीनं याहून मोठा मान नव्हता. आयुष्यातलं शेवटचं गाणं, आणि चाल क्लाइव्हच्या भावाची. त्यानं पहिल्या दोन ओळी म्हटल्या, फाटक्या आवाजात पण अचूक. क्लाइव्ह उठला आणि त्यानं मशीन बंद केलं. "नो, मॅन," म्हणाला. "नो. दॅट इज वॉरेन्स." मिस आयव्ही म्हणाली, "क्लाइव्ह, ही डोंट नो." क्लाइव्हनं पाठ फिरवली. त्याचे खांदे हलत होते म्हणे.

"मान दिला मी त्याले," मिलिंद परत परत म्हणत होता. दुःखात त्याची भाषा पार नागपूरला जायची. "मान दिला, अन् यानं मलेच चोर करून टाकलं."

रात्री सुजाताचा फोन आला. "आई, डिड ही सिंग?" मी काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "बट इट्स जस्ट अ ट्यून." मी तिला म्हटलं, तसं नाही गं. पण कसं आहे, ते मलाही सांगता येत नव्हतं.

पुढचा शनिवार आला आणि भिंत गप्प राहिली. ज्या आवाजावर मी इतकी चिडायचे, तो नाही म्हणून मला घरात बसवेना. बाहेर आले तर क्लाइव्ह आमच्याच ड्राइव्हवेवर गुडघे टेकून बसलेला. दरवर्षी आमच्या गाडीचे विंटर टायर्स तोच बसवायचा. मिलिंदशी बोलणं बंद होतं, तरी जॅक लावून चाक काढत होता. मी तिथेच उभी राहिले. लॅबमध्ये रिपोर्ट समजावून सांगते तसं, मोजक्या इंग्रजीत सांगितलं. आमच्याकडे एखाद्याची चाल घेतात ती त्याच्यावर जीव असतो म्हणून. ज्याची चाल कुणी घेत नाही, तो माणूस आमच्यात खरा मेला.

क्लाइव्हनं हातातला पाना खाली ठेवला. "मिसेस एम," तो म्हणाला, "द रिडिम इज लाइक द रोड. एव्हरीबडी कॅन वॉक. बट हाऊ यू वॉक, दॅट्स यू." रस्ता सगळ्यांचा, चालणं ज्याचं त्याचं. वॉरेनचं पोर नाही, थडगंसुद्धा इथे नाही, जमैकात आहे. त्याच्या त्या चालीएवढाच तो उरलाय. ती दुसऱ्याच्या तोंडी दिली तर त्यानं उभं कुठे राहायचं?  मला तर त्याचंही पटलं, हीच माझी पंचाईत. त्यानं चाक चढवलं, नट आवळले आणि उठताना म्हणाला, कुठल्याही शनिवारी येऊ दे मिलिनला. त्याची स्वतःची चाल घेऊन येऊ दे. दार उघडं आहे.

मी निरोप घरात आणला. वाटलं होतं, सुटलं. मिलिंद सोफ्यावर बसला होता. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला तो निरोप परत न्यावासा वाटला. "शीला," तो म्हणाला, "मला चाल लावता नाही येत. मी लावलीच नाही कधी."

इतक्या गाण्यांत एकही नाही? नाही. शब्द त्याचे, पण खालचा रस्ताही दुसऱ्याचा आणि चालणंही. बापानं शिकवलं होतं ते तेवढंच. तरी तो बसला. उरलेला सगळा नोव्हेंबर तो चाल लावायला बसला. सकाळी बाथरूममध्ये, संध्याकाळी गॅरेजमध्ये बंद गाडीत. दोन ओळी जुळल्या की थांबायचा. "ही तर अमक्याची." पुन्हा सुरू करायचा. "ही तमक्याची." त्याच्या डोक्यात इतक्या जणांच्या चाली भरलेल्या होत्या की त्याच्या स्वतःच्या चालीला आत जागाच नव्हती. आणि आवाज रोज थोडा खाली जात होता. आधी वरचे सूर गेले, मग मधले. मला सूर कळत नाहीत, पण हे कळलं. लेकवर धुकं आलं की पलीकडचे दिवे एकेक करून दिसेनासे होतात, मी खिडकीतून तेच बघत बसायचे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानं गाण्याचा कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "जाऊ दे." त्याच्या गळ्यातून मी शेवटचं ऐकलं ते हे. नाही म्हणायला, स्ट्रेचर नेताना तो काही म्हणाला, पण ते मला ऐकू आलं नाही.

त्या हिवाळ्याबद्दल सांगायला गेले की बर्फच आठवतो. हॉस्पिटलच्या पार्किंगमधला खारवलेला, काळा बर्फ. मग घर, आणि घरातली शांतता. मिलिंदच्या गळ्याशी एक भोक आणि त्यावर रुमालासारखं कापड. श्वास तिथूनच आत, तिथूनच बाहेर. हाताशी पुसायची पांढरी पाटी, त्यावर तो मराठीत लिहायचा. यंत्र एकदा लावून बघितलं. त्यातून मिलिंदसारख्या आवाजात कुणीतरी म्हणालं, आय वुड लाइक अ ग्लास ऑफ वॉटर. त्यानं ते बंद केलं आणि पाटीवर लिहिलं, पाणी दे ना वं. मला बोलवायचं असलं की तो चमच्यानं टेबलावर वाजवायचा. पहिली जागा मोकळी सोडून.

बर्फ पडला की सकाळी आमचा ड्राइव्हवे शोव्हल केलेला असायचा. क्लाइव्ह कधी येऊन करून जायचा ते कळायचं नाही. आत यायचा नाही. मिलिंद खिडकीशी उभा राहून फावड्याच्या खुणा बघायचा. मी एकदा म्हटलं, बोलवू का त्याला? त्यानं मान हलवली आणि गळ्याकडे बोट केलं. बोलवून बोलायचं काय, असं त्याला म्हणायचं असणार. भिंत सगळा हिवाळा मुकी होती. दोन्ही बाजूंना माणसं होती आणि आवाज कुणाकडेच नव्हता.

मार्चमध्ये छपरावरचं पाणी पन्हाळीतून गळायला लागलं आणि त्याच आठवड्यात एका शनिवारी भिंत घुमली. मिलिंद पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली ठेवला. पहिला ठेका संपेपर्यंत बसून राहिला. मग उठला, कोट चढवला, माझ्या हातात माझा कोट दिला.

त्या बेसमेंटमध्ये मी पहिल्यांदाच गेले. लाकडी फळ्या मारलेल्या भिंती, माणसाएवढे दोन स्पीकर, फर्निचरच्या पॉलिशचा वास. दार मिस आयव्हीनं उघडलं आणि शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली, म्हणजे मिलिंदला बसता यावं. क्लाइव्ह गात होता. आम्हाला बघून त्याचा एक शब्द सुटला, पण त्यानं गाणं पुरं केलं. मग मिस आयव्ही गायली. मग वॉरेनची बारी आली, आणि इतकी वर्षं नुसती ऐकलेली ती गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. स्टँडवर माइक आणि घरभर ठेका, बाकी काही नाही. भिंतीपलीकडे, माझ्या रिकाम्या स्वयंपाकघरात, माझ्या वाट्या आता वाजत असतील, असं उगाच मनात आलं.

ती संपली. आता चौथी. क्लाइव्हचा हात बटणावर होता आणि तो दाबत नव्हता. मला त्याची अडचण कळली, सगळ्यांनाच कळली. ठेका मोकळा सोडावा तर तो मेलेल्या माणसाचा मान, आणि मिलिंद तर समोर खुर्चीवर बसलेला. ठेका लावूच नये तर त्याची बारीच पुसून टाकल्यासारखं. क्लाइव्हनं माझ्याकडे पाहिलं. मी मिलिंदकडे. मिलिंदनं क्लाइव्हला हातानं खूण केली, लाव.

ठेका सुरू झाला. मिलिंद उठून माइकपाशी गेला. कानाच्या पाळीला हात लावायला वर नेलेला हात त्यानं अर्ध्यातच थांबवला, कारण नाव घ्यायला या वेळी कुणी नव्हतं. त्यानं मानेवरचं कापड बाजूला केलं, माइक स्टँडवरून काढला आणि गळ्याच्या भोकाशी धरला.

त्या मोठाल्या स्पीकरमधून त्याचा श्वास आला. खरखरीत, ओला. मला तो रोज रात्री शेजारी ऐकू यायचा, पण असा कधीच नाही. ठेक्याच्या मोकळ्या जागेत तो श्वास आत घ्यायचा आणि तिसरीच्या ठोक्यावर सोडायचा. आत, आणि ठोका. कधी लांबवायचा, कधी तोडून दोनदा सोडायचा. पेटीच्या भात्याचा आवाज असाच येतो, पट्टी दाबली नाही तर. मला सूर कळत नाहीत, म्हणून ते गाणं होतं की नाही हे मी सांगू शकत नाही. मिस आयव्हीनं डोळे मिटले होते. मी क्लाइव्हच्या हाताकडे बघत होते. तो हात मशीनजवळ होता आणि त्यानं ते बंद केलं नाही.

ठेका संपला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. क्लाइव्हनं नाक पुसलं आणि मिस आयव्हीला, म्हणजे खरं तर आम्हा सगळ्यांनाच सांगितलं, "दॅट ट्यून इज हिज. नोबडी टच दॅट."

घरी आल्यावर मिलिंदनं पाटी घेतली आणि लिहिलं, चाल लागली. बराच वेळ त्यानं ते पुसलं नाही. जेवणाच्या वेळी भाजी वाढू का विचारलं तर मानेनंच हो म्हणाला, पुसावं लागू नये म्हणून.

त्यानंतर एक हिवाळा आणखी मिळाला. बहुतेक शनिवारी तो जायचा, चौथी बारी त्याची. मग दुखणं फुप्फुसांत उतरलं आणि त्या उन्हाळ्यात तो गेला. असोसिएशनची मंडळी जमली, त्रिशरण पंचशील झालं, सुजातानं बापाचं ड्रॉवरमधलं गाणं इंग्रजीत समजावून सांगितलं. क्लाइव्ह मागच्या रांगेत जुन्या सुटात बसला होता. निघताना त्यानं माझा हात हातात घेतला.

आता शनिवारी खाली दोन बाऱ्या मोकळ्या असतात. मी एकदा गेले होते. वॉरेनची निभावली. मिलिंदची आली, माइक स्टँडवर उभा राहिला, ठेका चालू झाला, आणि ती पहिली जागा येत राहिली, परत परत, आणि तिच्यात कुणी श्वास घेतला नाही. मी अर्ध्यातून उठून आले. क्लाइव्ह अजून दारात दिसला की म्हणतो, कम डाउन, मिसेस एम. मी म्हणते, भाकऱ्या करायच्यात. तो फार आग्रह करत नाही.

मी त्याला खरं कारण सांगितलेलं नाही. पीठ मळून झालंय, तवा तापलाय, भिंत अजून घुमतेय. आत्ता कुणाची बारी चाललीय ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही. इकडे क्लाइव्हचा गळा पोचत नाही आणि मिस आयव्हीचाही नाही. गाणारा असो नसो, माझ्या ओट्यापर्यंत येतो तो नुसता ठेका, सगळ्यांचा सारखाच. मी मघाशी अलग केलेल्या वाट्या पुन्हा एकमेकींना टेकून ठेवल्या. आयुष्यभर मी बाटल्यांत बघून काय आहे आणि काय नाही ते सांगत आले. ही एक बाटली मला तपासायची नाही. खाली त्याची बारी मोकळी आहे. भिंतीच्या या बाजूला ती मोकळी आहे, हे मला कुणी सिद्ध करून दाखवू शकत नाही.